राहिलेला धवला

"माझा नवरा मला पाच वाजता न्यायला येणार आहे, तोवर आटपेल ना?" नवरीने विचारलं, आणि ठमाबाईने हातातलं तांदूळ भरलेलं सूप खाली ठेवलं.

नवरी म्हणजे प्राची, पनवेलच्या एका नाटक मंडळातली गुणी मुलगी. तिचा काही दोष नव्हता. मुंडावळ्या बांधून पाटावर बसायचं, मान खाली घालायची आणि एक म्हातारी गाईल ते ऐकायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. म्हातारी आधी माहेर-सासरची नावं विचारील हे कुणी सांगितलं नव्हतं. धवलारीण नावं विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. या शेवखार गावच्या आगरी घरांत पूर्वी लग्न ठरलं की भटजीच्या आधी तिला बोलावणं जायचं. ती गाऊनच लग्न लावते, त्याला धवला म्हणतात. आधी देवांना गाण्यातून आवतण, मग घरातल्या एकेका माणसाचं नाव. ज्याचं नाव धवल्यात आलं तो लग्नाला आला. ज्याचं राहिलं तो मांडवात पहिल्या रांगेत बसलेला असला तरी आलाच नाही, असा हिशेब.

"तुजा नवरा तर ह्यो बाजूला बसलाय," ठमाबाई म्हणाली.

"हा नाही हो आजी. खरा."

बाजूच्या पाटावरचा नवरा मोबाइल खिशात टाकून उगाच हसला. ठमाबाईने त्या दोघांकडे पाहिलंच नाही. तिने मान वळवली ती धाकट्या भावाकडे. बुधाजी म्हात्रे तेवढ्यात आंब्याच्या पानांच्या तोरणात फार गुंतून गेला होता.

"बुधा, तू मना सांगलंस पनवेलची पार्टी हाय, लगीन हाय."

"पनवेलचीच हाय," बुधाजी म्हणाला. "त्यात काय खोटं सांगलं?"

"आनि लगीन?"

"लगीन पन हाय. म्हंजे... टीवीपुरतं हाय."

मांडवाच्या कडेला मॉनिटरसमोर बसलेल्या क्रांतीने डोळे मिटून घेतले. 'बाबा, आत्याला कसंही करून तयार करा,' हे वाक्य तिचंच होतं. अठरा वर्षं तिने ऑफिसात हेच केलं होतं: जमत नसलेलं काम खालच्या माणसाकडे द्यायचं आणि त्याने ते कसं जमवलं हे विचारायचं नाही. आता खालचा माणूस म्हणून सत्तर वर्षांचा बाप मिळाला होता, आणि त्यानेही ते खालच्या माणसासारखंच जमवलं होतं.

ठमाबाई उठली. पंच्याहत्तरीतही ती गुडघ्याला हात न लावता उठे. "देव काय खेलन्यातले हायेत? मी आवतान दिलं की ते येतात. इथं आल्यावर त्यांना काय सांगू? तांदूल कोनावर टाकायचं? हिचा नवरा पाचला येनार हाय त्याच्यावर?" आणि नऊवारीचा पदर खोचून ती घरात निघून गेली.

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. क्रांतीला मात्र हसू आलं नाही, कारण पहिल्या खुर्चीवर अमिषा बसली होती.

अमिषा एका मोठ्या ओटीटीची माणूस. मिठागरांवरच्या या आठ भागांच्या मालिकेचं काय करायचं ते तीच ठरवणार होती, आणि त्यासाठी एका दिवसाचं चित्रीकरण बघायला ती मुंबईहून आली होती. एके काळी ही अमिषा क्रांतीच्याच हाताखाली होती. क्रांती तेव्हा वाहिनीची कार्यक्रमप्रमुख. संध्याकाळी सातला महाराष्ट्राने काय बघायचं ते ती दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये ठरवायची. दोन वर्षांपूर्वी ती खुर्ची सोडून तिने स्वतःची निर्मिती संस्था काढली. संस्था म्हणजे ती, कॅमेरामन सुजित आणि मुंबईत कुठल्याशा वरच्या मजल्यावरची एक खोली. आधीचे दोन प्रस्ताव तोंडभर कौतुक होऊन परत आले होते. हा तिसरा. जुन्या वाहिनीने खुर्ची परत देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. आज गुरुवार. आज धवला झाला नाही, तर सोमवारी ती हो म्हणणार होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण बुधाजीला ते कळलं होतं. म्हणून तर तो खोटं बोलला.

"मॅडम, या त्याच आजी ना?" अमिषाने हळूच विचारलं.

"त्याच."

"तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, आजींचा आवाज ठेवू का म्हणून."

"विचारलं होतंस. मी नको म्हटलं होतं."

त्याला पंधरा वर्षं झाली. क्रांतीच्या वाहिनीवर एका मालिकेत आगरी लग्न होतं आणि तिने मोठ्या हौसेने आत्याला सेटवर नेलं होतं. मालिकेतलं लग्न खोटं आहे हे ठमाबाईला तेव्हाही कळत होतं. भाचीच्या शब्दाखातर तिने देवाची माफी मागून अडीच तास धवला गायला. घरी येऊन तिने साऱ्या आळीला सांगितलं. त्या दिवशी बुधाजीच्या घरात टीव्हीपुढे पन्नासएक बायका दाटीवाटीने बसल्या. धवला आला तो चाळीस सेकंदांचा. ओठ ठमाबाईचे आणि आवाज स्टुडिओतल्या कुठल्याशा पोरीचा, खाली ढोलकीचा ठेका. 'ह्यो तुजा आवाज हाय, ठमाय?' असं समोरच्या केसरने विचारलं, बायका हसल्या आणि ठमाबाई उठून मिठागराकडे निघून गेली.

तेव्हापासून ती भाचीशी बोलायची, जेवायला वाढायची, परत निघताना सुकी मासळी बांधून द्यायची. पण घरात कुणाचंही लग्न असो, धवल्यात क्रांतीचं नाव यायचं नाही. चार चुलतभावांची लग्नं झाली, क्रांती चारही वेळा मांडवात होती आणि चारही वेळा आली नव्हती.

ती उठून घरात गेली. ठमाबाई भावाकडेच राहायची. बुधाजीचं घर नव्या धाटणीचं, जिन्याला स्टीलचे कठडे, खाली ग्रॅनाइट. ठमाबाई स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठात गरम पाणी घालत होती. राग आला की ती भाकऱ्या करी; घरातली माणसं जेवलेली असली तरी करी.

"आते, चुकलं माझं."

"कवाचं?"

हा प्रश्न क्रांतीने अपेक्षित धरला नव्हता. मग म्हणाली, "दोन्ही वेळचं. तेव्हाचं जास्त. तुला न सांगता तुझा आवाज काढून टाकला. लोक चॅनेल बदलतील म्हणून भ्यायले होते गं."

"बदललं आसतं तर बदललं आसतं. आपलं काय जात होतं?" ठमाबाईने पीठ मळायला घेतलं. "तुजं काम अडलंय ते मना कलतं. पन खोट्या लगनात मी आता न्हाय गानार. एक डाव गायली, देवानं मना पन्नास बायकांत दाखवलं."

तेवढ्यात मागच्या दाराने जीवन आत आला. क्रांतीचा धाकटा भाऊ, तीन ट्रेलरचा मालक, अंगात बर्मुडा आणि कानाला फोन. "अरे भाई, न्हावा शेव्याला गाडी गेटवर लावून ठेव, मैं आता है," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. "काय झालं? शूटिंग थांबलं का?"

"नवरा-नवरी खोटी हायेत म्हनून आते गात नाही," मागोमाग आलेल्या बुधाजीने सांगितलं.

"मग खरी आणा ना. गावात लग्न नाही का कुणाचं?"

"वैशाखात आहे," क्रांती म्हणाली. "आणि त्यांनीही डीजे सांगितलाय."

"मी बसते," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्राप्ती, जीवनची बायको, कडेवर चार वर्षांची राही घेऊन उभी होती. प्राप्ती पालीकडची, शेतकरी घरातली, बोलायला कमी आणि ठमाबाईशी बोलायला फारच कमी. घरातले उजवे-डावे ठरलेले होते: बुधाजी बहिणीच्या बाजूने, जीवन बायकोच्या बाजूने, आणि क्रांती मुंबईत असल्यामुळे कुणाच्याच नाही.

"कुठे बसतेस?" जीवनने विचारलं.

"पाटावर. तुमच्याशेजारी. आपला धवला राहिलाय ना? पाच वर्षं ऐकतेय मी. दूध उतू गेलं, तर धवला राहिला म्हणून. राहीला ताप आला, तर धवला राहिला म्हणून. तुमचा ट्रेलर पंक्चर झाला तेव्हासुद्धा तेच."

हे खरं होतं. त्यांचं लग्न लॉकडाऊनमध्ये पालीला झालं. एका गाडीला पास, पाच माणसांची नावं, आणि ठमाबाईच्या वयाच्या माणसाला घराबाहेर पडायची बंदी. भटजीने फोनवरून मंत्र सांगितले. लग्न लागलं, फोटो निघाले, पण धवला राहिला तो राहिलाच, आणि ठमाबाईच्या लेखी जीवन अजून अर्धाच नवरा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. क्रांती पनवेलहून भाड्याची नवरी आणत होती आणि अर्धं लग्न घरातच पडून होतं.

ठमाबाईचे हात परातीत थांबले. "खरंच बसशील?"

"बसते. पण त्यानंतर या घरात तो विषय निघणार नाही. दूध उतू गेलं तर गॅस मोठा होता म्हणायचं."

"बरं. न्हाय काढनार." ठमाबाईचा चेहरा सैल झाला होता, पण तिने तो लगेच पुन्हा आवळला. "पन नवऱ्याची करवली लागंल. पान्याचा करा धरून मागं उभी राहायला. सख्खी बहीन."

सगळे क्रांतीकडे बघायला लागले.

"आते, मला मॉनिटर सोडता येणार नाही. कुठला कॅमेरा कुठे, कुठे कापायचं..."

"म्हनूनच सांगतेय," ठमाबाई म्हणाली. "कापायला तू नको तिथं."

"आणि ताई," प्राप्तीने राहीला खाली ठेवलं. तिचा आवाज मऊ होता, तरी शब्द नेमके आले. "आमच्या लग्नात तुम्ही व्हिडिओ कॉलवर होतात. म्यूटवर. तुमच्या बाजूच्या लॅपटॉपवर मीटिंग चालली होती, ती मला तुमच्या चष्म्यात दिसत होती. मंगळसूत्र बांधताना मी मुद्दाम वर बघितलं, तेव्हा तुम्ही मान हलवून कुणाला तरी 'येस' म्हणत होतात."

क्रांतीच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. आत्याची आणि भावजयीची युती झालेली ती पहिल्यांदाच बघत होती, आणि ती झाली होती तिच्याविरुद्ध. गंमत म्हणजे त्या लाजेत तिला एक सुखही वाटलं. आपण नव्हतो हे यांना लागलं होतं. म्हणजे आपण असायला हवे होतो.

"करा कुठे आहे?" तिने विचारलं.

त्यानंतर घरात जी धावपळ झाली तिला तोड नव्हती. जीवनला बर्मुड्यातून ओढून काढून धोतर नेसवलं गेलं. गेटवरच्या गाडीचं काय, असं तो ओरडत होता, पण हळदीच्या हाताने फोन धरता येईना. प्राचीने आपल्या मुंडावळ्या सोडून स्वतः प्राप्तीला बांधल्या आणि खोटा नवरा पंगतीसाठी केळीची पानं पुसायला बसला. राही प्रत्येकाला सांगत फिरत होती, "आज माझ्या आईचं लग्न आहे," आणि ऐकणारा प्रत्येक जण पुन्हा एकदा विचारत होता. समोरची केसर हातातलं सूप टाकून आली, तिच्यामागे आळी आली. बुधाजीने खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून पाणी भरायचं काम स्वतःहून घेतलं.

क्रांतीने हेडफोन काढला आणि अमिषाच्या हातात दिला.

"मी?" अमिषा दचकली.

"सुजितला फ्रेम कळते. तू फक्त ऐक. आणि काहीही झालं तरी कट म्हणू नकोस."

"किती वेळ चालेल?"

"माहीत नाही," क्रांती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर तिने न घाबरता दिलं.

कऱ्यावर दिवा लावला. तांब्याचा तो करा दोन्ही हातांत धरून ती भावाच्या पाटामागे उभी राहिली. ठमाबाईने सूप पुढे घेतलं, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि वाद्यं नाहीत, ठेका नाही, अशी नुसत्या गळ्याने सुरू झाली.

*मिठाच्या आगरी मांडव घाला गो, मांडव घाला*
*आभालच्या देवांना सांगनं सांगा गो, सांगनं सांगा*

आवाज पहिल्या ओळीला फाटका लागला. क्रांतीच्या मनात सवयीने आलं, हे पुन्हा घ्यायला हवं. पण तिच्या हातात करा होता. तिसऱ्या ओळीला आवाज जुळला, चौथ्या ओळीला केसरने आणि दोन म्हाताऱ्यांनी मागून साथ धरली, आणि मग तो मांडवाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या माणसांना आत आणू लागला. देव आले. खंडोबा आला, एकवीरा आली, मिठागराच्या बांधावरचा बिननावाचा देवही आला. अर्ध्या तासाने पितर आले. क्रांतीचे हात भरून आले, कऱ्यातलं पाणी हिंदकळायला लागलं, तेव्हा प्राचीने मागून येऊन तिच्या कोपरांखाली हात धरले.

मग घरातली नावं सुरू झाली. बुधाजीचं आलं, तसा तो पाण्याचा हंडा घेऊन आहे तिथेच उभा राहिला. पालीच्या व्याह्यांचं आलं. राहीचं आलं, धवला गायला सुरुवात झाल्यापासून आजवर आईबापांच्या लग्नात कुणा लेकीचं नाव गायलं गेलं नसेल, पण ठमाबाईने ते बिनदिक्कत ओवलं आणि बायका हसत हसत गायल्या. क्रांती दिव्याकडे बघत होती. आपण काही अपेक्षा ठेवायची नाही असं तिने ठरवलं होतं. चार लग्नं गेली, हे पाचवं.

*नवऱ्याच्या मागं कोन उभी गो, कोन उभी*

ठमाबाई थांबली. अख्खा श्वास घेतला. मागच्या बायकाही थांबल्या, कारण पुढची ओळ त्यांना माहीत नव्हती.

*बुधाजीची लेक क्रांतीबाय गो, क्रांतीबाय*
*लांबच्या वाटंनं घरी आयली गो, घरी आयली*

क्रांती रडली. मॉनिटरवर दिसेल, फ्रेममध्ये निर्माती रडतेय, असला विचार आला नि गेला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून पाणी गालावरून सरळ कऱ्यात पडलं आणि ती तशीच उभी राहिली. पुढे प्राप्तीने मान वर केली. या वेळी वर पाहिलं तेव्हा नणंद तिच्याकडेच बघत होती.

धवला सव्वादोन तासांनी संपला. पाच कधीच वाजून गेले होते. प्राचीचा खरा नवरा न्यायला आला होता आणि त्याला पंगतीत बसवून आग्रहाने वाढलं जात होतं. जीवनने अक्षता झटकत फोन बघितला, एकवीस मिस्ड कॉल. "ड्रायव्हरला सांगितलं, मालकाचं लग्न चालू आहे," तो म्हणाला. "तो म्हणतो, कौनसा वाला?"

अमिषा अजून हेडफोन लावून बसली होती. तिच्या कपाळावर कुणीतरी हळद फासली होती आणि ती पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"कट म्हणायची वेळ एकदाही आली नाही," ती म्हणाली. "मॅडम, पहिला भाग हाच. आठही भाग घेते मी. फक्त एक सांगा, आजींचा धवला किती मिनिटांचा ठेवायचा?"

"भागात बसेल तेवढा," क्रांती म्हणाली. "आणि संपूर्ण धवला वेगळा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तुमच्याच ओटीटीवर. ज्याला बघायचा तो बघेल. हे होणार नसेल तर भाग देत नाही."

अमिषाने हेडफोन काढला. "तेव्हा मी विचारलं होतं तेव्हा हेच म्हणाला असतात तर?"

"तर आज त्यासाठी तुला इतक्या लांब यावं लागलं नसतं."

अमिषा हसली. "ठेवू. संपूर्ण ठेवू. शब्द देते."

सोमवारचं उत्तर क्रांतीने तिथेच उभ्या उभ्या, हळदीच्या बोटांनी पाठवून टाकलं. दोन ओळींचं: आभार, आणि मी येत नाही. फोनच्या काचेवर पिवळे ठसे उमटले, ते तिने तसेच राहू दिले.

ठमाबाई ओट्यावर पाय सोडून बसली होती. गाऊन घसा बसला होता, पण मघाच्या भाकऱ्यांतली एक ती मिठाबरोबर खात होती. क्रांती शेजारी बसली.

"टीवीवर कवा दिसंल?" ठमाबाईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पावसाळ्यानंतर. दिवाळीच्या आसपास."

"माजाच आवाज?"

"तुझाच."

"आखा?"

"आखा, आते. पहिली ओळ फाटली, तीसुद्धा."

ठमाबाईने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडात घातला नाही. समोरच्या घरात केसर मांडवातून आणलेली भांडी घासत होती, आळीत बायका जेवून घोळक्याने उभ्या होत्या. त्या सगळ्यांवरून ठमाबाईची नजर फिरली आणि भाचीवर येऊन थांबली.

"मग गावाला सांगू?"

पंधरा वर्षांत तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

"सांग," क्रांती म्हणाली.

ठमाबाईने तुकडा ताटलीत ठेवला, गुडघ्याला हात न लावता उठली, ओट्याच्या कडेला गेली आणि होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून तिने हाक मारली, "केसर, ये केसर, दिवालीला कंय जाव नको, माज्या घरी ये."